ज्युलियस रोझेनवाल्ड : गावांच्या सोबतीने शाळा बांधणारा व्यापारी



वर्गखोलीचा पत्रा उडाला किंवा कुंपणाची भिंत पडली की आपण काय करतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी प्रस्ताव करतो, मग पाठपुरावा करतो, मग वाट बघतो, आणि शेवटी ग्रामसभेत उभं राहून लोकवर्गणीचा विषय काढतो. कोणी पाचशे रुपये देतं, कोणी वाळूची एक खेप टाकतं, आणि कोणीतरी हमखास म्हणतं की शाळा सरकारची आहे तर सरकारने बांधावी. हे ऐकलं की मला पूर्वी राग यायचा. आता तसा येत नाही. का येत नाही, ते सांगण्यासाठी आज एका माणसाचं चरित्र तुमच्यापुढे ठेवते आहे. हा माणूस शिक्षक नव्हता. त्याचं स्वतःचं शालेय शिक्षणही पूर्ण झालं नव्हतं. पण त्याच्या पैशाने आणि खेड्यातल्या गरीब माणसांच्या पैशाने मिळून अमेरिकेच्या दक्षिण भागात जवळजवळ पाच हजार शाळा उभ्या राहिल्या.

ज्युलियस रोझेनवाल्ड यांचा जन्म १२ ऑगस्ट १८६२ रोजी इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावी झाला. अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष होण्याआधी ज्या घरात राहायचे, त्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. रोझेनवाल्ड यांचे आईवडील जर्मनीहून आलेले ज्यू. वडिलांचं तयार कपड्यांचं दुकान होतं. घर खाऊनपिऊन सुखी, पण श्रीमंत नव्हे. मुलगा लहानपणापासून पडेल ते काम करायचा. लिंकनच्या स्मारकाचं उद्घाटन झालं तेव्हा हा बारा वर्षांचा पोरगा गर्दीत पुस्तिका विकत फिरत होता.

हायस्कूलची दोन वर्षं झाल्यावर त्याने शाळा सोडली आणि न्यूयॉर्कला मामांच्या कपड्यांच्या पेढीवर उमेदवारी धरली. पुढे १८८५ साली शिकागोत स्वतःचा कपड्यांचा धंदा सुरू केला. तो बरा चालला. १८९५ साली त्यांना आणि त्यांच्या मेहुण्यांना एक संधी आली. सीअर्स, रोबक नावाची कंपनी होती. ती टपालाने माल विकायची. जाडजूड सूचिपत्र छापायचं, ते शेतकऱ्यांच्या घरी पाठवायचं, आणि नांगरापासून शिवणयंत्रापर्यंत जे हवं ते ऑर्डर आली की धाडायचं. आज आपण मोबाइलवर करतो तेच, फक्त कागदावर. दोघांनी मिळून ७५ हजार डॉलर घातले आणि कंपनीतला अर्धा हिस्सा घेतला. रोझेनवाल्ड यांनी तिथली अंदाधुंदी आवरली, सूचिपत्रातल्या फुगवलेल्या जाहिराती कमी केल्या, मालाचं वर्णन खरं असलं पाहिजे असा आग्रह धरला. दहा-पंधरा वर्षांत ते देशातल्या मोठ्या श्रीमंतांपैकी एक झाले. धंद्याची गोष्ट इथेच सोडू. आपल्याला एवढंच लक्षात ठेवायचं आहे की या माणसाचं गिऱ्हाईक खेड्यात राहणारं होतं.

शिकागोत त्यांच्या प्रार्थनामंदिराचे धर्मगुरू होते एमिल हर्श. ज्याच्याकडे आहे त्याने देणं हा उपकार नसून ते न्यायाचं देणं आहे, अशी त्यांची शिकवण. ती रोझेनवाल्ड यांच्या मनात रुजली होती. १९१० साली त्यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांचं आत्मचरित्र वाचलं, आणि इथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

वॉशिंग्टन कोण, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. १८५६ साली व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मले. गुलामगिरी संपल्यावर मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत काम करत शिकले. १८८१ साली अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावी त्यांनी कृष्णवर्णीय शिक्षक घडवणारी शाळा सुरू केली आणि ती नावारूपाला आणली. (महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांना मुक्त केलं हे खरंच होतं. पण मुक्त झालेल्या माणसांच्या मुलांना शाळा मिळाली का, हा पुढचा प्रश्न. तो आजच्या गोष्टीचा गाभा आहे.)

दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. कागदावर दोन्ही सारख्या. प्रत्यक्षात खेड्यातल्या कृष्णवर्णीय मुलांची शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी चर्चची खोली, नाहीतर कुणाची पडकी झोपडी. बाक नाहीत, फळा असलाच तर रंग उडालेला. कित्येक ठिकाणी शाळा वर्षातून चार-पाच महिनेच भरायची, कारण कापसाच्या वेचणीला मुलं लागायची. कर मात्र कृष्णवर्णीय शेतकरीसुद्धा भरायचा. त्याच्या कराचा पैसा काउंटीच्या शिक्षणमंडळाकडे जायचा (काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा भाग), आणि त्या मंडळावर गोरे लोक. पैसा कुठल्या शाळांकडे वळायचा ते सांगायला नको. कृष्णवर्णीयांना मतदानापासूनही निरनिराळ्या कायद्यांनी दूर ठेवलं होतं, त्यामुळे मंडळाला जाब विचारायची सोय नव्हती.

१९११ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन शिकागोला आले. रोझेनवाल्ड यांनी एका मोठ्या हॉटेलात त्यांच्या सन्मानार्थ भोजन ठेवलं. अशा हॉटेलात कृष्णवर्णीय पाहुणा मानाने बसणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्याच वर्षी शरद ऋतूत रोझेनवाल्ड घरच्या मंडळींना आणि हर्श यांना घेऊन आगगाडीने टस्कीगीला गेले. त्यांनी वर्ग पाहिले, विटा पाडणारे, सुतारकाम करणारे विद्यार्थी पाहिले, मुलांचं गाणं ऐकलं आणि भारावून परतले. पुढच्या वर्षी ते टस्कीगीच्या विश्वस्त मंडळावर गेले आणि मरेपर्यंत राहिले.

१२ ऑगस्ट १९१२ ला त्यांना पन्नास वर्षं पूर्ण झाली. आपल्याकडे पन्नाशीला मोठा समारंभ होतो, जेवणावळी उठतात. त्यांनी त्या दिवशी सुमारे पावणेसात लाख डॉलर निरनिराळ्या कामांना दिले. त्यातले २५ हजार डॉलर टस्कीगीच्या वळणावर चालणाऱ्या संस्थांसाठी वॉशिंग्टन यांच्या हाती दिले. त्यातून थोडी रक्कम उरली. वॉशिंग्टन यांनी विचारलं, ही रक्कम टस्कीगीच्या आसपासच्या खेड्यांत सहा छोट्या शाळा बांधायला वापरू का? रोझेनवाल्ड यांनी होकार दिला.

इथे एक बारीकशी गोष्ट आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. सीअर्स कंपनी पुढेपुढे घरंसुद्धा टपालाने विकायची. म्हणजे लाकूड मापात कापून, खिळे मोजून, नकाशासकट सगळं सामान आगगाडीने यायचं. तेव्हा शाळाही अशाच तयार सामानाच्या उभ्या कराव्यात, असा विचार शिकागोकडून पुढे आला. काम झटपट झालं असतं, सगळ्या शाळा एकसारख्या झाल्या असत्या. टस्कीगीच्या मंडळींना ते पटलं नाही. गावातल्या माणसांनी स्वतःच्या हाताने शाळा बांधावी, तिथलंच लाकूड वापरावं, म्हणजे ती त्यांची होईल, असं त्यांचं म्हणणं. आता विचार करा, देणगीदार स्वतः त्या कंपनीचा अध्यक्ष आहे, आणि घेणारा त्याला सांगतोय की तुमचा माल नको, तुमचा पैसा द्या. रोझेनवाल्ड यांनी ते ऐकलं. आपल्याकडे असं किती देणगीदार ऐकतील? मी पूर्वी ज्या वस्तीशाळेवर होते, तिथे एकदा मदतीचं साहित्य आलं. आमची मागणी पाण्याच्या टाकीची होती. आले ते टॅब. वस्तीवर वीज दिवसातून काही तासच असायची. पण देणाऱ्यांचं नाव मात्र भिंतीवर शाळेच्या नावाहून मोठ्या अक्षरांत रंगवलं गेलं. असो.

पहिली शाळा १९१३ साली लोचापोका या गावी पूर्ण झाली. एका शिक्षकाची, लाकडी. तिचा हिशोब आजही उपलब्ध आहे आणि तो मी तुम्हाला मुद्दाम सांगते. एकूण खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. त्यात रोझेनवाल्ड यांचे ३०० डॉलर. आसपासच्या गोऱ्या लोकांनी दिलेले ३६० डॉलर. कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी जमिनीसाठी जमवलेले १५० डॉलर, आणि त्यांनीच केलेलं श्रमदान, किंमत १३२ डॉलर ५० सेंट. अर्ध्या डॉलरपर्यंत श्रमाची किंमत मांडली आहे बघा. आपण श्रमदानाचा फोटो काढतो आणि विसरतो. इथे घामाचा आकडा देणगीच्या आकड्याच्या शेजारी, त्याच कागदावर बसला होता.

१९१४ साली रोझेनवाल्ड यांनी शंभर शाळांसाठी ३० हजार डॉलर दिले. नियम सोपा होता. निधीतून जेवढी रक्कम मिळेल, किमान तेवढी गावाने उभी करायची. रोख, लाकूड, जमीन किंवा मजुरी, काहीही चालेल. आणि काउंटीच्या शिक्षणमंडळाने लेखी कबूल करायचं की ही शाळा आमची आहे, शिक्षकाचा पगार आणि देखभाल आम्ही करू. या दुसऱ्या अटीकडे नीट बघा. देणगी देताना त्यांनी सरकारला मोकळं सोडलं नाही. उलट देणगीच्या निमित्ताने सरकारला त्या शाळेच्या दारापर्यंत ओढून आणलं.

१४ नोव्हेंबर १९१५ ला वॉशिंग्टन गेले. काम थांबेल असं वाटलं असेल पुष्कळांना. थांबलं नाही. १९१७ साली रोझेनवाल्ड यांनी या कामासाठी स्वतंत्र निधी स्थापन केला. मात्र टस्कीगीत बसलेल्या थोड्या माणसांना एवढ्या राज्यांतलं बांधकाम तपासणं जड जात होतं. काही शाळा नीट बांधल्या गेल्या नव्हत्या. तशी तपासणी करून घेतल्यावर १९२० साली बांधकामाचं कार्यालय टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात हलवलं गेलं, एस. एल. स्मिथ यांच्या हाती. ज्यांनी हे काम जन्माला घातलं त्या कृष्णवर्णीय संस्थेच्या हातून कारभार गोऱ्या अधिकाऱ्यांकडे गेला, याची बोच टस्कीगीत राहिली असणारच. इमारती मात्र सुधारल्या, हेही तितकंच खरं.

त्या इमारतींबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपण शिक्षक आहोत आणि खिडकीचं महत्त्व आपल्याला कळतं. सुरुवातीचे नकाशे टस्कीगीतले कृष्णवर्णीय वास्तुरचनाकार रॉबर्ट टेलर यांच्या देखरेखीखाली झाले होते. नंतर नॅशव्हिलच्या कार्यालयाने नकाशांची पुस्तिकाच काढली आणि ती कोणालाही मिळायची. खेड्यात वीज नव्हती. म्हणून भिंतीत एकाला एक लागून उंचच उंच खिडक्या. वर्गाची तोंडं पूर्वेला किंवा पश्चिमेला. बाक असे मांडायचे की उजेड मुलाच्या डाव्या खांद्यावरून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली वहीवर पडत नाही. (डावखुऱ्या मुलांचा विचार तेव्हा कुणी करत नव्हतं.) आतल्या भिंतींना फिकट रंग. दोन वर्गांच्या मधली भिंत सरकवता यायची, की झाला गावासाठी सभेचा हॉल. हस्तकामाची एक खोली. नीट बांधलेली स्वच्छतागृहं. खेळायला आणि शाळेच्या बागेला मिळून निदान दोन एकर जागा. आणि हो, २१७ ठिकाणी शिक्षकांसाठी घरंही बांधली. आपल्याकडे ‘मुख्यालयी राहण्या’वरून जे काही चालतं, ते आठवून मला हा आकडा वाचताना हसू आलं.

पण पैसे जमायचे कसे? ही माणसं बहुतेक दुसऱ्याची शेतं वाट्याने कसणारी. हंगामाच्या शेवटी जमीनदाराचा हिशोब चुकता केला की हातात काही उरेलच याची खात्री नाही. तरी त्यांनी युक्त्या काढल्या. कुणी शेतातला एक तुकडा शाळेच्या नावाने ठेवायचा, त्यात पिकेल तो कापूस शाळेचा. कुणी एक कोंबडी शाळेची म्हणून पाळायची. बायका डबे करून आणायच्या आणि त्या डब्यांचा लिलाव व्हायचा. चर्चमध्ये सभा भरायची, गाणी व्हायची, आणि एकेक जण पुढे येऊन टेबलावर नाणी ठेवायचा. अलाबामातल्या अशाच एका सभेची हकिकत निधीच्या माणसाने नोंदवून ठेवली आहे. गुलामीत जन्मलेला एक म्हातारा पुढे आला. त्याने एक मळकी थैली टेबलावर उपडी केली. त्यात ३८ डॉलर होते, त्याची जन्मभराची सगळी शिल्लक. त्याची स्वतःची शिकण्याची वेळ केव्हाच गेली होती. नातवंडा-पतवंडांसाठी त्याने ते दिले.

या सभा घडवून आणणाऱ्यांत एक मोठा वाटा शिक्षिकांचा होता. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅना जीन्स नावाच्या बाईंनी १९०७ साली खेड्यातल्या कृष्णवर्णीय शाळांसाठी दहा लाख डॉलर दिले होते. त्यातून एका काउंटीतल्या सगळ्या छोट्या शाळांवर फिरून मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षिका नेमल्या गेल्या. आपल्या केंद्रप्रमुखांसारख्या म्हणा ना. पायी, घोडागाडीने, मिळेल तसं या गावाहून त्या गावाला जायचं, नव्या शिक्षकाला शिकवायला शिकवायचं, आयांना गोळा करायचं, आणि रोझेनवाल्ड निधीसाठी वर्गणी जमवायची. त्यांच्या कामाचं नाव समुद्रापार गेलं. १९२५ साली केनियात, नैरोबीजवळ काबेटे इथे याच धर्तीवर जीन्स स्कूल सुरू झालं आणि त्याला अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेची मदत मिळाली. खेड्यातल्या शाळांना मार्गदर्शन करणारे शिक्षक तिथे तयार होऊ लागले. पण तो देश ब्रिटिशांच्या ताब्यातला. तिथे काय शिकवायचं आणि किती शिकवायचं हे ठरवणारे पुन्हा गावाबाहेरचेच होते. मदतीबरोबर हा प्रश्न कुठेही गेलं तरी चालत येतो.

सगळीकडे शाळांचं स्वागत झालं असं समजू नका. काही ठिकाणी शिक्षणमंडळांनी अर्जच पुढे सरकवले नाहीत. काही शाळा जाळल्या गेल्या. काही गावांनी त्या पुन्हा बांधल्या.

आता तो आकडा सांगते, ज्याने माझं मत बदललं. १९३२ साली बांधकामाचा कार्यक्रम संपला तेव्हा १५ राज्यांत ४,९७७ शाळा, २१७ शिक्षक-घरं आणि १६३ कर्मशाळा झाल्या होत्या. साडेसहा लाखांहून जास्त मुलं बसतील एवढी जागा. दक्षिणेतल्या खेड्यांत दर तीन कृष्णवर्णीय मुलांमागे एक मूल रोझेनवाल्ड शाळेत जात होतं. एकूण खर्च २ कोटी ८४ लाख डॉलरच्या थोडा वर. त्यात सरकारी पैसा १ कोटी ८१ लाख. गोऱ्या लोकांच्या देणग्या १२ लाख. रोझेनवाल्ड निधीचे ४३ लाख ६४ हजार ८६९ डॉलर. आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांचे ४७ लाख २५ हजार ८७१ डॉलर.

पुन्हा वाचा. देशातल्या एका बड्या श्रीमंताने दिलं त्यापेक्षा कापूस वेचणाऱ्यांनी जास्त दिलं.

हे वाचून पहिल्यांदा माझा ऊर भरून आला. प्रशिक्षणात दाखवायला छान उदाहरण मिळालं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू! पण मग विचार करत गेले तसतशी अस्वस्थ झाले. या लोकांनी कर भरला होता. त्या कराच्या पैशाने शेजारच्या गोऱ्या मुलांची विटांची शाळा उभी राहिली. आणि स्वतःच्या मुलांच्या लाकडी शाळेसाठी त्यांना पुन्हा खिशात हात घालावा लागला. अमेरिकेतले इतिहासकार याला दुहेरी करच म्हणतात. त्याहून वाईट म्हणजे, नियमाप्रमाणे जमीन आणि इमारत काउंटीच्या नावावर करून द्यावी लागायची. म्हणजे जमीन यांनी घेतली, भिंती यांनी उभारल्या, आणि कागद गेला त्यांच्या हाती, ज्यांनी इतकी वर्षं शाळा दिली नव्हती. कागद दिला नाही तर सरकारी पगाराचा शिक्षक मिळणार नव्हता. गावकऱ्यांना हा सौदा कळत नव्हता असं मुळीच नाही. कळूनसवरून त्यांनी तो केला, कारण मूल आठ वर्षांचं एकदाच असतं.

रोझेनवाल्ड यांच्यावर त्या काळीही टीका झाली आणि नंतरही. मुलांना वेगळं बसवणाऱ्या कायद्याला त्यांनी हात लावला नाही. त्याच व्यवस्थेत राहून चांगली वेगळी शाळा बांधली. वॉशिंग्टन यांच्यावर विद्वान लेखक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचा आक्षेप साधारण हाच होता, की हातकामावर भर द्यायचा आणि हक्काचा प्रश्न मागे ठेवायचा, हे चालणार नाही. मला विचाराल तर डुबॉइस यांचं बरोबर होतं. पण १९१३ साली लोचापोकातल्या आईला डुबॉइस बरोबर असून वर्गखोली मिळणार नव्हती, तीनशे डॉलर आणि श्रमदानाने मिळणार होती. या दोन गोष्टी मला अजून एकमेकींत बसवता आलेल्या नाहीत.

माणूस म्हणून रोझेनवाल्ड कसे होते? मोठेपणाचा सोस कमी. शिकागोत त्यांनी लाखो डॉलर देऊन विज्ञान आणि उद्योगांचं संग्रहालय उभं केलं. त्याला त्यांचं नाव दिलं गेलं, तर त्यांनी ते काढायला लावलं. खेड्यातल्या शाळांना लोक आपणहून रोझेनवाल्ड शाळा म्हणायला लागले, वर्गात त्यांची तसबीर लावायला लागले, तो भाग वेगळा. १९२१ च्या मंदीत सीअर्स कंपनी बुडायच्या बेतात आली, तेव्हा त्यांनी स्वतःची सुमारे दोन कोटी डॉलरची मालमत्ता पणाला लावून ती वाचवली.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती आजही फार थोड्या संस्था करतात. त्यांनी निधीला मरणाची तारीख घालून दिली. आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत व्याजच नव्हे तर मुद्दलही खर्च करून निधी बंद करायचा, अशी अट. पुढच्या पिढीच्या गरजा पुढच्या पिढीला जास्त कळतील आणि त्यांच्यातले दाते त्या भागवतील, असा त्यांचा हिशोब. ६ जानेवारी १९३२ ला ते वारले. निधी १९४८ सालीच संपला, मुदतीच्या कितीतरी आधी. शेवटच्या वीस वर्षांत त्यातून कृष्णवर्णीय लेखक, कलाकार, संशोधकांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. त्यात डुबॉइस स्वतःही होते! मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क होते. क्लार्क पतिपत्नींनी बाहुल्या वापरून केलेला लहान मुलांवरचा अभ्यास पुढे १९५४ च्या खटल्यात पुढे आला, आणि त्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

त्या निकालाने रोझेनवाल्ड शाळांची गरज संपली. मुलं हळूहळू एकत्र शाळांत जाऊ लागली आणि या इमारती ओस पडल्या. कुठे गोदाम झालं, कुठे कडबा भरला, बहुतेक पाडल्या गेल्या. लेखिका माया अँजेलो आणि नागरी हक्कांच्या चळवळीतले जॉन लुईस लहानपणी अशाच शाळांत शिकले होते. २००२ साली अमेरिकेतल्या वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने देशातल्या सर्वात धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत या शाळांचा समावेश केला. पाच हजारांतल्या पाचशेच्या आसपास उरल्या आहेत.

त्यांतल्या काही आता दुरुस्त होऊन गावाची सभागृहं, छोटी संग्रहालयं झाली आहेत. अनेक ठिकाणी पुढाकार म्हाताऱ्या झालेल्या माजी विद्यार्थ्यांचा. ज्यांच्या आजोबांनी जमीन घेऊन दिली, त्यांनीच कुठे ती जागा पुन्हा मिळवली, चर्चमध्ये जेवणं ठेवून वर्गणी जमवली, पत्रे बदलले, आणि उंच खिडक्यांना नव्या काचा बसवल्या.